वायफायवर पत्ता बरोबर, पान मात्र भलतंच : परत परत येणारा डीएनएसचा बिघाड

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्या, मिरजेतले दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतली ऑफिसं, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. यांच्याकडं नेटची कामं करताना एक तक्रार हमखास कानावर येते : "कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, दोनदा फॉरमॅट मारला तरी जाईना." जाणार कसा? यातल्या बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरचा काही दोष नसतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी जी साखळी आहे, म्हणजे डीएनएस, तिच्यात कुणीतरी खोटं उत्तर घुसवलेलं असतं. ते कुठल्या कडीत घुसलंय एवढंच शोधायचं असतं. लोक मात्र पहिल्याच कडीवर, स्वतःच्या मशिनवर, घाव घालत बसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. बँकेच्या भलत्या पानावर तुम्ही आत्ताच पासवर्ड, पिन किंवा ओटीपी टाकून बसला असाल तर पुढचं वाचू नका. बँकेला फोन करून खातं थांबवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. दुरुस्ती संध्याकाळी केली तरी चालते.

लक्षणं

सगळ्यात ठळक खूण म्हणजे मोबाइल डेटावर सगळं नीट आणि वायफायला जोडलं की गडबड. पत्ता बरोबर टाइप केलेला असतो, पण मध्येच कर्जाची, सट्ट्याची किंवा "तुमचा फोन धोक्यात आहे" छापाची पानं उघडतात. बँकेच्या साइटवर ब्राउझर लाल इशारा देतो, किंवा लॉगिनचं पान जरा वेगळं दिसतं आणि कार्डाचा पिनसुद्धा मागतं. अँटिव्हायरसचं अपडेट होत नाही, कारण तिथला पत्ता मुद्दाम चुकीचा दिलेला असतो. राउटरचा पासवर्ड कुणी बदलल्याचं आठवत नाही, पण जुना चालत नाही. आणि मशिन फॉरमॅट केलं की चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच.

सगळ्याच साइट सारख्याच हळू असतील तर ते हे नव्हे. वायर, सिग्नल नाहीतर प्लॅन बघा. आधीच जोडलेली अ‍ॅप चालतायत आणि ब्राउझरमध्ये एकही नवी साइट उघडत नाही, असं असेल तर डीएनएस बंद पडलाय. त्यात फसवणूक असेलच असं नाही. हा फरक आधी करा, निम्मी धावपळ वाचते.

खोटं उत्तर चालतंच कसं

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडला तेव्हा इंटरनेटवर मोजकी, एकमेकांना ओळखणारी मंडळी होती. त्यामुळं या व्यवस्थेत मुळात सही-शिक्का नाही. तुमचं मशिन सर्व्हरच्या ५३ नंबरच्या पोर्टवर (म्हणजे ठरलेल्या दारावर), बहुतेक वेळा यूडीपीने, म्हणजे पोचपावतीशिवाय, उघडा प्रश्न पाठवतं आणि जे जुळणारं उत्तर पहिलं येईल ते खरं मानतं. यार्डाच्या गेटवर परगावचा ट्रकवाला "अमक्या शेठचा गाळा कुठला?" असं विचारतो आणि जो पहिल्यांदा हात करेल तिकडं गाडी वळवतो, तसंच. हात दाखवणारा कोण, हे तो विचारत नाही. सही असलेलं डीएनएसेक नावाचं वाढीव काम नंतर आलं. मूळ रूट झोनवर, म्हणजे सगळ्या नावांच्या मुळाशी असलेल्या यादीवर, सही झाली ती २०१० मध्ये. पण आजही असंख्य डोमेनवर ती सही नाही, आणि सही असली तरी ती तपासणारा रिझॉल्व्हर (तुमच्यासाठी उत्तर शोधून आणणारा सर्व्हर) तुमच्या वाट्याला येईलच असं नाही.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी वरच आली : तोच फोन, तीच साइट, आधी वायफाय बंद करून आणि मग चालू करून. फक्त वायफायवर चुकत असेल तर संशय राउटरवर आणि त्याच्या पलीकडच्या लाइनवर. दोन्हीकडं चुकत असेल तर फोनवर किंवा थेट त्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावावर. इथं एक मेख आहे. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस ही सेटिंग आली. त्यात कुणी नाव भरून ठेवलं असेल तर तो फोन राउटरला विचारतच नाही, सांकेतिक वाटेनं थेट बाहेर विचारतो. क्रोममधली सुरक्षित डीएनएसची सेटिंगही ठरावीक सेवा निवडलेली असेल तर तसंच करते. म्हणून "मालकांच्या फोनवर चालतंय, मुनीमजींच्या फोनवर नाही" अशी तक्रार आली की वायफाय निर्दोष आहे असं लगेच ठरवू नका. चालणारा फोन कदाचित राउटरला वळसा घालून जातोय.

दुसरी तपासणी पत्त्याच्या पट्टीची. नाव अक्षर न् अक्षर वाचा. एखादं अक्षर इकडचं तिकडं असेल तर तुमचा डीएनएस ठीक आहे, तुम्हाला कुणीतरी चुकीची लिंक पाठवलीय. रिझर्व्ह बँकेनं बँकांना डॉट बँक डॉट इन या शेपटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, त्यामुळं आता बँकेचं नाव वाचणं सोपं झालंय. पतसंस्थांचे पत्ते मात्र अजून नाना तऱ्हेचे आहेत, तिथं जास्त जपा.

नाव तंतोतंत बरोबर आहे आणि ब्राउझर प्रमाणपत्राचा (साइट खरीच त्या नावाची आहे या दाखल्याचा) इशारा देतोय, ही सगळ्यात महत्त्वाची खूण. राउटरमध्ये डीएनएस बदलणाऱ्याला तुम्हाला आपल्या सर्व्हरवर आणता येतं, पण बँकेच्या नावाचं प्रमाणपत्र त्याच्याकडं सहसा नसतं. म्हणून ब्राउझर बोंब मारतो. आणि आपले लोक काय करतात? "अ‍ॅडव्हान्स्ड" दाबून "तरीही पुढं जा" करतात, कारण कधीतरी कुठल्यातरी सरकारी साइटवर तसं करावं लागलेलं असतं. बँकेच्या बाबतीत ते बटण कधीही दाबायचं नाही. आधी एवढंच बघा की मशिनची तारीख बरोबर आहे. ती चुकली असेल तरी हाच इशारा येतो.

कमांडवर दहा मिनिटं

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही कमांड असते. तिच्यापुढं साइटचं नाव लिहा. पहिल्या ओळींत उत्तर देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता येतो, खाली साइटचा. सर्व्हरच्या जागी बहुधा राउटरचा पत्ता दिसेल, १९२.१६८ ने सुरू होणारा. तिथं कुणी परका बाहेरचा पत्ता बसलेला असेल, तुम्ही न टाकलेला, तर जवळजवळ चोर सापडलाच.

आता बरेच जण साइटचा आयपी आपल्याकडं एक आणि मित्राकडं दुसरा आला की घाबरतात. मोठ्या साइट जागेनुसार वेगवेगळे पत्ते देतात, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मी त्याऐवजी दोन परीक्षा घेतो.

एक, अस्तित्वातच नसलेलं नाव विचारायचं. कीबोर्डवर हात फिरवून वीसेक अक्षरं टाका, पुढं डॉट कॉम, आणि शेवटी आणखी एक टिंब, म्हणजे विंडोज स्वतःहून शेपूट जोडत नाही. प्रामाणिक सर्व्हर "असं डोमेन नाही" असंच म्हणेल. त्याऐवजी आयपी पत्ता आला तर मधला कुणीतरी खोटं बोलतोय. तो चोरच असेल असं नाही. जाहिरातीच्या पानावर नेण्यासाठी काही नेट पुरवणारेही हा उद्योग करत आलेत. पण खोटं ते खोटंच.

दुसरी माझी आवडती. नावानंतर जागा सोडून १९२.०.२.१ हा पत्ता लिहा (अंक इंग्रजी), म्हणजे "या सर्व्हरला विचार" असा हुकूम होतो. हा पत्ता फक्त दाखल्यांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथं कुठलाही सर्व्हर नाही. वाट बघून "टाइम्ड आउट" आलं पाहिजे. साइटचा पत्ता आला तर तुमचे ५३ पोर्टवरचे प्रश्न वाटेत कुणीतरी अडवून स्वतःच उत्तरं देतंय. मग मशिनमध्ये गूगलचा ८.८.८.८ टाका नाहीतर आणखी काही टाका, फरक पडणार नाही. "डीएनएस बदला की होतंय" हा सल्ला अशा ठिकाणी फसतो तो यामुळं.

एनएसलुकअप बरोबर सांगतंय, पण त्याच नावाला पिंग केलं की चुकीचा आयपी येतो, असं झालं तर खूश व्हा. एनएसलुकअप थेट सर्व्हरला विचारतं, पिंग मात्र मशिनमधली होस्ट्स फाइल (नावं आणि त्यांचे पत्ते लिहिलेली यादी) आणि साठवलेली उत्तरं आधी बघतं. म्हणजे घोळ त्या एका मशिनपुरता आहे.

मशिन

होस्ट्स फाइल विंडोज फोल्डरच्या सिस्टिम३२ मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी इथं असते. नोटपॅडनं उघडा, पाउंडच्या खुणेनं (#) सुरू न होणाऱ्या ओळींत बँकेचं किंवा अँटिव्हायरसचं नाव असेल तर ती ओळ कुणीतरी घातलीय. मात्र हिशेबाच्या किंवा इतर सॉफ्टवेअरवाल्यांनी कामासाठी टाकलेल्या ओळीही असतात, विचारल्याशिवाय उडवू नका. मग नेटवर्क अ‍ॅडॅप्टरमध्ये डीएनएस "आपोआप घ्या" वर आहे का ते बघा, ब्राउझरची अनोळखी एक्स्टेन्शन काढा, आणि शेवटी आयपीकॉन्फिग कमांडला फ्लशडीएनएस जोडून साठवलेली उत्तरं पुसा. प्रत्येक उत्तराला आयुष्य ठरवून दिलेलं असतं. दुरुस्ती केल्यावरही जुनं खोटं उत्तर तेवढा वेळ टिकून राहतं आणि माणसाला वाटतं, काम झालंच नाही.

मशिनमधला डीएनएस बदलणारा सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे डीएनएसचेंजर. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयनं त्यामागची टोळी पकडली तेव्हा जगभरात सुमारे ४० लाख मशिनं तिच्या सर्व्हरना विचारत होती. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर इतक्या लोकांचं नेटच गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले. त्या प्रकारात राउटरची सेटिंगही बदललेली सापडत होती.

राउटर, म्हणजे खरं घर

रोग परत येतो तो इथून. राउटरचा पासवर्ड अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय चालू, आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, घेतल्या दिवसाचं. बाहेरून पोर्ट चाचपणारे प्रोग्रॅम दिवसरात्र फिरत असतात. बाहेरचं दार बंद असलं तरी दुसरी वाट आहे : दुकानातल्या कुणी उघडलेलं एखादं वेबपान मागच्या मागं १९२.१६८.१.१ ला "डीएनएस बदल" असा हुकूम देतं, आणि मूळ पासवर्ड तसाच असला तर राउटर तो ऐकतो. २०१४ मध्ये टीम सिमरू या संस्थेनं असे डीएनएस बदललेले सुमारे ३ लाख छोटे राउटर शोधले होते. आमच्याकडं गावभागात, हरभट रोडला अजून एक भर आहे. २०१९ च्या महापुरात राउटरचे डबे पाण्यात गेले, मग जे हाती लागलं ते जुनंपुराणं जोडलं गेलं, आणि तात्पुरतं म्हणून जोडलेलं अजून चालूच आहे.

राउटरमध्ये डीएनएस दोन ठिकाणी असतो, आणि बहुतेक जण एकच बघतात. एक बाहेरच्या जोडणीच्या पानावर, म्हणजे वॅन. दुसरा घरातल्या मशिनना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या पानावर. वॅनचं पान स्वच्छ आणि डीएचसीपीत परका पत्ता, असं अनेकदा निघतं. दोन्ही पानांचा आधी फोटो काढा.

साफ करताना क्रम चुकवू नका :

आधी पुरवठादारानं जोडणीसाठी दिलेलं पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर लिहून घ्या. हे नसताना फायबरचा डबा रिसेट केला की नेट जातं आणि केबलवाल्याची वाट बघत बसावं लागतं. मग बाहेरची वायर काढा. रिसेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला (वायफायचा वेगळा, हा वेगळा), बाहेरून सेटिंग उघडायची सोय बंद करा, यूपीएनपी (आतल्या उपकरणांना राउटरमधलं दार आपोआप उघडू देणारी सोय) लागत नसेल तर तेही बंद. फर्मवेअरची फाइल मोबाइल डेटावरून कंपनीच्या साइटवरून उतरवून घाला. हे सगळं झाल्यावर वायर जोडा. वायर लावूनच रिसेट केला तर मूळ पासवर्डचा राउटर पुन्हा उघड्यावर येतो, आणि तेवढा वेळ फिरत्या प्रोग्रॅमना पुरतो.

कंपनीनं फर्मवेअर देणं थांबवलं असेल तर राउटर बदला. दुकानाचा रोजचा व्यवहार बघता ही काटकसर करायची जागा नव्हे. मला विचाराल तर डीएनएस म्हणून मी ९.९.९.९ टाकतो. क्वाड९ नावाची ही सेवा २०१७ पासून आहे. ती डीएनएसेकची सही तपासते आणि माहीत असलेली फसवी नावं अडवते. १.१.१.१ आणि ८.८.८.८ सुद्धा सही तपासतात. लाइनवर प्रश्न अडवले जात असतील तर ८५३ पोर्टवरची सांकेतिक वाट, म्हणजे फोनमधलं ते प्रायव्हेट डीएनएस, हाच इलाज.

सगळ्यांनाच तुमची साइट चुकीची दिसते तेव्हा

साताऱ्याचा माणूस, पुण्याचा माणूस, मोबाइल डेटावाला, सगळ्यांना तुमच्या पेढीची साइट भलतीकडं नेत असेल तर राउटर सोडा. तुमच्या डोमेनच्या नोंदी बघा. इथं तांत्रिक बिघाडापेक्षा कारभार जास्त नडतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे? बहुतेक वेळा साइट बनवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर, आणि तो आता बेंगळुरूला. त्याचा तो ईमेल ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती तुमचं डोमेन.

रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यात जाऊन चार गोष्टी बघा : मुदत, नेमसर्व्हर (डोमेनची उत्तरं देणारा सर्व्हर), ए नोंद (साइटचा आयपी पत्ता), आणि ईमेलची एमएक्स नोंद. एमएक्स बदललेली असेल तर साइट व्यवस्थित दिसते पण पत्रं दुसरीकडं जातात, आणि एक दिवस बेदाण्याच्या गिऱ्हाइकाला "आमचा खाते क्रमांक बदललाय" असं तुमच्या नावानं पत्र जातं. शिवाय डोमेनच्या नोंदी ज्याच्या ताब्यात, त्याला त्या नावाचं खरं प्रमाणपत्रही मिळवता येतं; इथं ब्राउझर बोंब मारत नाही. याच धास्तीनं जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या सगळ्या खात्यांना तातडीचा हुकूम काढून डोमेनच्या नोंदी तपासायला आणि खात्यांवर दुहेरी पडताळणी लावायला सांगितलं होतं.

जुन्या सीनेम नोंदी, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडं पाठवणाऱ्या, त्याही उडवा. "ऑर्डर" किंवा "टेस्ट" नावाचं उपडोमेन कधीकाळच्या क्लाउड सेवेकडं बोट दाखवत असतं. ती सेवा तुम्ही सोडली, नोंद राहिली, आणि तेच नाव दुसऱ्या कुणी तिथं घेतलं की तुमच्या पत्त्यावर त्याचं पान चालतं.

स्वतःचा डीएनएस सर्व्हर असेल तर

कॉलेज, मोठी पतसंस्था, छोटा नेट पुरवठादार. इथं लक्षण वेगळं : रात्री अपलोड भरून वाहतं, किंवा वरच्या पुरवठादाराची नोटीस येते. बाहेरच्या मोबाइलवरून तुमच्या सर्व्हरला भलत्याच साइटचं नाव विचारा. त्यानं उत्तर शोधून दिलं तर तो जगाला उघडा आहे. हल्लेखोर दुसऱ्याचा पत्ता लावून काही डझन बाइटचा प्रश्न विचारतो, तुमचा सर्व्हर त्या बिचाऱ्यावर कितीतरी पट मोठं उत्तर ओततो. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवरचा प्रचंड हल्ला अशाच उघड्या सर्व्हरच्या जिवावर झाला. स्वतःच्या नेटवर्कपुरतंच उत्तर शोधून द्या, आणि आपल्या डोमेनचा सर्व्हर वेगळा ठेवा. झोन ट्रान्सफरही (डोमेनच्या सगळ्या नोंदींची नक्कल देणं) फक्त दुय्यम सर्व्हरला. नाहीतर कॅमेऱ्यापासून बॅकअपपर्यंत सगळ्या मशिनांची यादी कुणालाही मिळते.

२००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवलं की रिझॉल्व्हरच्या साठ्यात खोटं उत्तर घालणं वाटलं होतं त्याहून फार सोपं आहे. प्रश्नावरचा ओळखक्रमांक फक्त ६५,५३६ पैकी एक, आणि नसलेली उपनावं विचारत राहिलं की अंदाज लावायला हवे तितके डाव मिळतात. उपाय म्हणून प्रत्येक प्रश्न वेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून पाठवायचं ठरलं. सर्व्हर अद्ययावत असतो, पण पुढं बसवलेला जुना फायरवॉल पत्ते बदलताना ते पोर्ट पुन्हा ओळीनं लावतो आणि सगळं संरक्षण मातीत जातं. हे कुणी तपासत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रश्नांचे पोर्ट फायरवॉलच्या पलीकडं पकडून बघा.

अपडेटबद्दल जास्त सांगत नाही. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमधला सिगरेड हा दोष २०२० मध्ये उघडा पडला तेव्हा तो १७ वर्षं जुना होता. २०२४ च्या कीट्रॅप नावाच्या दोषात तर एका पॅकेटनं सही तपासणारा सर्व्हर अडकून पडायचा. पॅच दोन्हींचे आहेत, घाला.

एक फसवं लक्षण : वीज जाऊन आल्यावर सही असलेल्या साइट उघडेनात, सर्व्हर "सर्व्हफेल" म्हणतो. सर्व्हरचा सीमॉस सेल (आतलं घड्याळ चालवणारा) संपलाय, तारीख मागं गेलीय. सहीला मुदत असते, तारीख चुकली की खरी सहीही खोटी ठरते. लोक वैतागून डीएनएसेक बंद करतात. पन्नास रुपयांचा सेल बदला.

कुठं थांबायचं

पैसे गेले असतील किंवा सभासदांची माहिती गेल्याचा संशय असेल तर फॉरमॅट, रिसेट काही करू नका. तुमच्या सफाईत पुरावा जातो. स्क्रीनचे फोटो ठेवा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, जाणकाराला बोलवा. सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्था-कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे, आणि लॉग १८० दिवसांचे ठेवायचे आहेत. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी हे आधीच वाचून ठेवावं.

स्वतःच्या सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल कळत नसेल तर हात लावू नका, एका चुकीच्या ओळीनं सगळ्या ऑफिसचा ईमेल बंद पडतो. डोमेनचं खातंच दुसऱ्याच्या हाती असेल तर थेट रजिस्ट्रारकडं, बिलं आणि नोंदणीची कागदपत्रं घेऊन.

राउटर स्वच्छ आहे, मशिन स्वच्छ आहे आणि १९२.०.२.१ वाली परीक्षा अजून चुकते, तर आधी फायबरच्या डब्याची तार थेट लॅपटॉपला लावून ती परत घ्या. तरीही चुकली तर दोष डब्यात किंवा लाइनवर आहे. डब्याचा वरचा पासवर्ड पुरवठादाराकडंच असतो, त्यांनाच बोलवायला लागतं. फोनवर "नेट बरोबर चालत नाही" म्हणालात तर "बंद करून चालू करा" एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी सांगा : "१९२.०.२.१ ला डीएनएसचा प्रश्न विचारला तर उत्तर येतंय, स्क्रीनशॉट पाठवतो, तुमच्या नेटवर्कच्या माणसाला दाखवा." आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.